मोकाम्याची शिष्टर

आमच्या गावात ‘शिष्टर’ हा शब्द एकाच बाईसाठी होता. तिला नाव होतं, पण ते कुणाला उच्चारता यायचं नाही, आणि मीही ते इथं देत नाही. ती नन नव्हती. मिशनच्या दवाखान्यात नन होत्या दोघी-तिघी, त्यांना लोक ‘मदर’ म्हणायचे. शिष्टर म्हणजे ही, केरळची, काळीसावळी, पांढऱ्या साडीतली, मराठी बोलताना बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करणारी. “मावशी, तुझा बाळ उलटा आहे. भिऊ नको. मी मोकामाला असा खूप बघितला.”

हे मोकामा काय प्रकरण आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकांना वाटायचं ते तिच्या माहेरचं गाव असेल. मलाही तसंच वाटायचं.

ती हे वाक्य माझ्या आईला म्हणाली ते १९६२ साली. आईला आम्ही बाई म्हणायचो. धाकट्या भावाच्या वेळेला बाई दीड दिवस अडली. सुईणीनं हात टेकले. तेव्हा आजीच ओसरीवर येऊन आप्पांना म्हणाली, “जुंप.” एवढंच. कुठं जायचं हे आप्पांनी विचारलं नाही. मिशनचा दवाखाना तीन कोसांवर, मधे ओढा. मी नऊ वर्षांचा, गाडीत बाईच्या उशाशी कंदील धरून बसलो होतो. भाऊ जगला, बाईही जगली. घरी आल्यावर आजी देवापुढं गेली नाही. गोठ्यात जाऊन बैलांच्या पाया पडली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. त्याचं कारण पुढं कळलं.

कारण असं. आप्पांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. साल आजीला सांगता यायचं नाही; गांधीबाबा येरवड्याच्या तुरुंगात उपाशी बसला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर, असं ती म्हणायची. म्हणजे १९३२. आत्याही अशीच अडली. आजीनं हट्ट धरला की मिशनमध्ये न्या, तिथल्या गोऱ्या बायकांकडं औषध असतं. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे. त्यांनी बैल जुंपलेसुद्धा. आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, “सोड बैल. मेली तरी चालंल, बाटलेली नको.” आप्पांनी जुवाच्या शिवळा काढल्या. आत्या पहाटे गेली.

आजोबा वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी पेवातली ज्वारी गावाला वाटली, हे आजही सांगतात. पण मिशन म्हणजे महारवाड्याचा देव, अशी तेव्हाची समजूत. आमच्या नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट पाद्री एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले आणि त्यांच्यामागं गेले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे लोक. त्यामुळं दवाखान्यातही आधी त्या बायका गेल्या, मग माळी-धनगरांच्या, आणि आमच्या वाड्यांतल्या सगळ्यांत शेवटी. मरायची पाळी आल्यावर. आमची पाळी एकदा येऊन गेली होती, ती आम्ही घालवली.

आजीनं पुढं तीस वर्षं आजोबांना वाढलं, त्यांचं धोतर धुतलं, त्यांची काशी-पंढरी केली, पण त्यांच्याशी थेट बोलली नाही. “त्यांना सांगा जेवायला वाढलंय,” असं भिंतीला सांगायची. आमच्या घराचा हा इतिहास मनात ठेवूनच पुढचं वाचा.

* * *

मी शेतकी खात्यात लागलो. १९९४ च्या फेब्रुवारीत कडधान्याची शेती बघायला आम्हा काही जणांना बिहारला पाठवलं. कागदावर गावांची यादी होती, तिच्यात ‘मोकामा टाल’ वाचलं आणि तीस वर्षांपूर्वीची ती मोडकी मराठी कानात वाजली.

आधी टालाविषयी सांगतो, कारण टाल कळल्याशिवाय तिथला दवाखाना कळायचा नाही. मोकामा गंगेच्या दक्षिण काठावर, पाटण्याच्या पूर्वेला रेल्वेनं नव्वदेक किलोमीटर. गंगेचा काठ उंच आणि त्याच्या मागं दक्षिणेला परातीसारखी खोलगट जमीन, लाखभर हेक्टर. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या नद्यांचं पाणी तिच्यात साचतं आणि गंगा फुगलेली असल्यामुळं त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तीन-चार महिने समुद्र. आश्विन-कार्तिकात पाणी ओसरलं की काळ्या चिखलात मसूर, हरभरा, वाटाणा, लाख फेकायची. आपल्याकडं धरणाच्या पोटात गाळपेरा करतात ना, तसंच. फक्त हा गाळपेरा क्षितिजापर्यंत. पीक वर्षाला एकच. जमीन मोठ्यांची, कापणी मजुरांची. मी गेलो तेव्हा मसूर पिवळी पडत आली होती आणि बांध असा कुठं दिसतच नव्हता. आमच्यातला एक जण म्हणाला, इथं भावकीची भांडणं होत नसतील. तिथला शेतकरी हसला आणि म्हणाला, इथं बंदुकीनं मोजणी होते.

आता विचार करा, अशा मुलखात श्रावण-भाद्रपदात बाई अडली तर ती टालातल्या गावातून बाहेर कशी पडायची? नावेतून. उत्तरेकडून यायचं तर गंगा ओलांडून. सिमरिया-हाथीदहचा राजेंद्र पूल १९५९ ला झाला. त्याआधी बिहारात गंगेवर पूलच नव्हता, माल आणि माणूस सगळं घाटावरून होड्यांनी जायचं. शिकारी म्हणून आपल्याला ठाऊक असलेला जिम कॉर्बेट याच मोकामा घाटावर वीसेक वर्षं रेल्वेचा माल उतरवून घ्यायचा ठेकेदार होता. त्याच्या ‘माय इंडिया’त चमारी नावाचा त्याचा मुकादम आहे, अस्पृश्य, सगळ्यांना हवाहवासा. तो पटकीनं गेला. कॉर्बेट उशाशी बसला होता, पण करणार काय? कवी दिनकर समोरच्या काठावरच्या सिमरियाचे. म्हणजे नावाजलेला मुलूख. रेल्वे होती, घाट होता, पुढं बाटाचा कारखाना आला. नव्हता तो दवाखाना.

तो आला १९४८ च्या जुलैत. नाझरेथ हॉस्पिटल.

याची सुरुवात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका खेडवळ भागात आहे. १८१२ साली तिथं जंगल तोडून वसलेल्या वस्तीत काही मुलींनी ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ नाझरेथ’ हा संघ काढला. त्यांची पहिली मुख्य कॅथरिन स्पॉल्डिंग, तेव्हा एकोणीस वर्षांची. आधी शाळा, मग अनाथाश्रम. १८३२-३३ मध्ये लुईव्हिल शहरात पटकी आली, तेव्हा या बायका घरोघर जाऊन रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. पटकी आमच्याकडून तिकडं गेलेली, बंगालातून निघालेली ती साथ. शंभर वर्षांनी त्याच संघाच्या बायका पटकीच्या मूळ मुलखाकडं आल्या, हा योगायोग मला फार दिवस पुरला.

पाटण्याकडचं मिशन अमेरिकन जेझुइटांकडं होतं. त्यांच्यातले फादर मॅरियन बॅट्सन मोकाम्याला हॉस्पिटल उभं करायच्या मागं होते, पण चालवणार कोण? केंटकीच्या संघानं सहा जणी दिल्या. लॉरेन्सेटा वीनमन ही त्यांची पुढारी. १९४७ च्या शेवटी त्या बोटीनं कलकत्त्याला उतरल्या आणि रेल्वेनं मोकाम्याला आल्या. देश स्वतंत्र होऊन चार महिने झालेले, बिहारात आदल्याच वर्षी दंगली होऊन गेलेल्या. हिंदी चार शब्द. वीज नाही, नळाचं पाणी नाही. आपली सूनसुद्धा शहरातून येते तेव्हा पहिल्या महिन्यात संडास कुठं हे विचारून रडते. या तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या. एरिक लाझारो नावाचे डॉक्टर त्यांना मिळाले आणि ते बरीच वर्षं तिथं राहिले. डॉक्टर टिकणं हीच खेड्यातल्या हॉस्पिटलची निम्मी लढाई असते. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी एका वर्षात तीन डॉक्टर बदललेले पाहिलेत.

पण खरी अडचण नर्सची होती. उत्तरेकडं कुठल्याही बऱ्या घरची मुलगी नर्स व्हायला तयार नव्हती. परक्या पुरुषाला हात लावायचा, मळमूत्र उचलायचं, जातपात न बघता. आईबाप म्हणायचे, लग्न कसं व्हायचं? आपल्याकडं तरी वेगळं काय होतं? म्हणून मोकाम्याच्या नर्सिंग शाळेत मुली आल्या त्या केरळातून. तिथं मुली शाळा शिकलेल्या होत्या, चर्चच्या ओळखी होत्या, आणि घरात खाणारी तोंडं फार. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी, गाड्या बदलत बदलत तीन-चार दिवसांचा प्रवास, अंगावर सुती कपडे, आणि उतरायचं ते बिहारच्या थंडीत. जॉयती थोट्टम या अमेरिकेतल्या पत्रकार बाईनं २०२२ साली मोकाम्याच्या या नन्सवर इंग्रजीत एक आख्खं पुस्तक लिहिलं; तिची आई याच शाळेत शिकलेली. ते वाचताना मला आमची शिष्टर पानोपानी दिसत होती.

ती सांगायची, कधी बाईच्या खाटेवर बसून, कधी माझा खोकला बघायला आली की. पहिल्या हिवाळ्यात तिला वाटलं आपण आजारी पडलो, कारण तोंडातून वाफ यायची. भाताऐवजी रोटी. कॉटची चादर अशी खोचायची की कोपरा कातरीनं कापल्यासारखा दिसला पाहिजे, नाही तर गोरी सिस्टर सगळी चादर ओढून टाकायची आणि परत घालायला लावायची. काचेच्या सिरिंजा घड्याळ लावून उकळायच्या. टालातून आलेल्या बाळांना धनुर्वात झालेला असायचा, कारण नाळ विळ्यानं कापलेली. आमच्या सुईणीचा विळा तिनं पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “इथं पण हाच?” मग त्या सुईणीला तिनं दवाखान्यात नेऊन ब्लेड उकळायला शिकवलं आणि तिच्या हातात पाच रुपये ठेवले. सुईण पुढं मरेपर्यंत तो उकळायचा डबा देव्हाऱ्यात ठेवायची.

इथं एक गोष्ट मला बोलायची आहे. मिशनच्या हॉस्पिटलांचं कौतुक होतं तेव्हा गोऱ्या बायकांचे फोटो पुढं असतात. त्यांनी घर-देश सोडला, हे खरंच आहे, कमी लेखायचं नाही. पण त्या स्वतःच्या मनानं आल्या होत्या, वयानं मोठ्या होत्या, मागं त्यांचा संघ होता, पैसा होता. या पंधरा वर्षांच्या पोरींच्या मागं काय होतं? एक पत्र्याची पेटी. रात्रपाळ्या त्यांनी केल्या. शिकताशिकता वॉर्ड त्यांनी ओढले. पास झाल्या की कुणी घरी पैसे पाठवायला शहरात गेली, कुणी परदेशात, कुणी आमच्यासारख्या नाव नसलेल्या गावात. बिहारच्या आणि महाराष्ट्राच्या कितीतरी बायकांची बाळंतपणं केरळच्या गरिबीनं सोडवली. हिशेब मांडायचा तर तो असा मांडला पाहिजे.

* * *

मी मोकाम्याला हॉस्पिटलात अर्धा दिवसच होतो. खात्याची जीप संध्याकाळी सुटणार होती. फाटकाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, एका ट्रॉलीत खाट, खाटेवर पांघरुणाखाली बाई आणि तिच्या डोक्याशी एक पोरगं बसलेलं. त्याच्या हातात कंदील नव्हता, टॉर्च होती. मी तिथंच जरा वेळ उभा राहिलो. आत व्हरांड्यात घुंघट घेतलेल्या बायका, कुष्ठरोगाचे जुने रोगी, पोटं फुगलेली काळाआजाराची पोरं. त्यांच्या कुष्ठरोगाच्या कामाचं नाव लांबवर होतं. बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, “इथं येऊन कुणी ख्रिश्चन झालं का हो तुमच्या गावात?” तो म्हणाला, “बाबू, हमारे यहाँ पचास साल से औरतें आ रही हैं. सब वैसी की वैसी लौटीं. ज़िंदा.” पचास म्हणजे त्याच्या हिशेबानं. शेवटचा शब्द म्हणताना तो माझ्याकडं बघतही नव्हता.

आमची शिष्टर तेव्हा हयात नव्हती. मी तिथल्या मातीचं काही आणावं म्हणून मूठभर मसूर रुमालात बांधून घेतली.

परत आल्यावर मात्र डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आत्याचं काय? आजोबांनी बैल सोडायला लावले नसते तर आत्या वाचली असती, हे आमच्या घरात वेदवाक्य होतं. आजी त्यावर तीस वर्षं गप्प राहिली होती. मला ते तपासून बघावंसं वाटलं. पुण्यात माझ्या ओळखीचे एक वयस्कर फादर होते, मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलणारे. मी त्यांना सरळ विचारलं, “फादर, १९३२ साली तुमच्या नन्सनी आमच्या आत्याचं बाळंतपण केलं असतं का?”

फादर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बहुतेक नसतं केलं. त्यांना परवानगी नव्हती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी समजावून सांगितलं आणि पुढं मीही वाचलं ते असं. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार व्रत घेतलेल्या नन्सना डॉक्टरकी करायला, आणि मुख्य म्हणजे बाळंतपणाला हात लावायला मनाई होती. ब्रह्मचर्याच्या व्रताला ते शोभत नाही, असा विचार. औषधाची पुडी द्यायची, जखम बांधायची, तापाला पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, इथपर्यंत चाले. एखादीला खास सूट मिळे. गुंटूरला मेरी ग्लाउरी नावाची ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० मध्ये आली, नन झाली आणि पोपच्या खास परवानगीनं डॉक्टरकी करत राहिली. तिनंच पुढं १९४३ मध्ये भारतातल्या कॅथलिक हॉस्पिटलांची संघटना उभी केली. पण ती अपवाद.

या नियमाविरुद्ध बायकाच भांडल्या. स्कॉटलंडच्या ॲग्नेस मॅक्लारेन या डॉक्टरबाईनं रावळपिंडीला पडद्यातल्या बायकांसाठी दवाखाना काढवला आणि म्हातारपणी रोमच्या वाऱ्या केल्या, नन्सना डॉक्टर होऊ द्या म्हणून. ती १९१३ मध्ये गेली. तिचं वाचून ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातली ॲना डेंगल नावाची मुलगी आयर्लंडमध्ये डॉक्टर झाली, १९२० मध्ये रावळपिंडीला आली. तिनं पाहिलं की पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून बायका मरतात आणि बाई डॉक्टर एकटी ती. १९२५ मध्ये तिनं अमेरिकेत ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ काढल्या, चौघी जणींच्या. नियम मोडू नये म्हणून त्यांनी रीतसर जाहीर व्रतंच घेतली नाहीत. आधी काम, मग व्रत. रोमनं मनाई उठवली ती १९३६ च्या फेब्रुवारीत.

म्हणजे मोकाम्यात १९४८ ला नन्सनी बाळंतपणाचा वॉर्ड उघडला आणि १९६२ ला आमच्याकडच्या मिशनमध्ये माझा भाऊ जन्मला, त्याच्या मागं ही भांडणं होती. आत्या चार वर्षं आधी अडली.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं बायकांचं हॉस्पिटल होतं, प्रोटेस्टंटांचं. तिथं ही आडकाठी नव्हती. पण ते आमच्यापासून वीस कोस. बैलगाडीनं एक दिवस आणि एक रात्र. आत्याकडं तेवढा वेळ नव्हता.

म्हणजे एका घरात आजोबांनी विटाळाच्या भीतीनं दार लावलं, आणि त्याच रात्री तीन कोसांवर दुसऱ्या दाराला वेगळ्याच विटाळाची कडी होती. मला फार दिवस झोप लागली नाही. एकदा वाटायचं आजोबा सुटले. मग वाटायचं, कुठं सुटले?

आजी तोवर गेली होती. आप्पा होते, पंचाहत्तरीला आलेले. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, रोम काय, ॲना डेंगल काय, १९३६ काय. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. चुना मळत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं,

“म्हाताऱ्याला हे ठावं व्हतं का रं? का तितं नेऊन बी उपेग न्हाई म्हून?”

“नाही आप्पा. इथं कुणालाच ठाऊक नव्हतं.”

“मंग झालं तर,” आप्पा म्हणाले. तंबाखू तोंडात टाकली. थोड्या वेळानं म्हणाले, “शिवळा काढल्या तवा माजा हात थरथरत व्हता. ढवळ्या जाग्यावरनं हाललाच न्हाई. जू खाली ठिवलं तरी तसाच हुबा.”

मग त्यांनी विचारलं की मी बिहारची ती मसूर कुठं टाकली. मी म्हणालो, परसात, मोरीच्या पाण्यावर. ते काठी घेऊन बघायला उठले.